मॉप कसा राहिला?

जुलै १९६३. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. तीन दिवसांनी तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. मग ताप चढला, पोटात कळा सुरू झाल्या. आठवडा उलटायच्या आत दुसऱ्या डॉक्टरने पोट पुन्हा उघडलं, तेव्हा आत मॉप सापडला. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त टिपायला वापरतात ती कापडी घडी. तिच्याभोवती पू झालेला. २४ जुलैला ती गेली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये तो पुन्हा उभा केला. पोटात मॉप राहिला हीच हलगर्जीपणाची साक्ष, नेमका कुणाच्या हातून राहिला हे सिद्ध झालं नाही तरी सरकारची जबाबदारी सुटत नाही, असं कोर्टाने सांगितलं. तोवर ३२ वर्षं उलटली होती.

कायद्याच्या अंगाने निकाल चोख आहे. पण त्या दिवशी मॉप मोजले होते का, मोजणाऱ्या सिस्टरकडे आणखी किती कामं होती, मोजणी जुळली नाही तर टाके घालायचे थांबवा असं मोठ्या डॉक्टरांना सांगायची तिला मुभा होती का, या प्रश्नांत शिरायची कोर्टाला गरज नव्हती. ते त्याचं काम नाही. मग कुणाचं? आपल्याकडे दोषी ठरवायला ग्राहक आयोग आहे, वैद्यक परिषद आहे, पोलीस आहेत, आणि याउपर रुग्णालयाच्या काचा फोडणारा जमाव आहे. चूक कशी झाली हे शोधून ते शेजारच्या जिल्ह्यातल्या रुग्णालयापर्यंत पोचवायचं काम मात्र कुणाच्याच टेबलावर नाही. वैद्यकीय हलगर्जीपणाबद्दल आपण बोलतो तेव्हा हीच पोकळी नजरेआड होते, असं माझं मत आहे.

मोजणी नीट होते तिथे ती कशी होते हे पाहण्यासारखं आहे. प्रत्येक मॉपला एक नाडी शिवलेली असते. मॉप पोटात गेला की नाडीचं टोक बाहेर ठेवून त्याला चिमटा लावतात. कापडात एक धागा असा असतो की तो एक्स-रेत दिसतो. शस्त्रक्रियेआधी टेबलावरची सिस्टर आणि बाहेरची सिस्टर, दोघी मोठ्याने मोजतात आणि आकडा भिंतीवरच्या फळ्यावर लिहितात. नंतर नवा गठ्ठा उघडला की त्याची भर पडते. पोट शिवायच्या आधी पुन्हा मोजणी, कातडीचे टाके घालताना पुन्हा. रक्ताने माखलेले मॉप बादलीत नुसते फेकत नाहीत, पाच-पाच किंवा दहा-दहाच्या ओळीत मांडतात. आकडा जुळला नाही तर सगळे थांबतात. यात महागडं काही नाही. लागतो तो वेळ, दुसरी सिस्टर, आणि ‘मॅडम, एक कमी येतोय’ हे वाक्य ऐकून न चिडणारा सर्जन. तिन्हींत दुर्मीळ काय, हे ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, काम केलेल्या कुणालाही विचारा.

याच विचाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी काढली. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि रुग्ण ओटीबाहेर न्यायच्या आधी असं तीनदा थांबायचं: रुग्णाचं नाव, बाजू डावी की उजवी, अ‍ॅलर्जी, रक्ताची सोय, मोजणी. जगातल्या आठ शहरांत ती वापरून पाहिली, त्यांत दिल्लीही होती. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ वर. यादी आता आपल्याकडेही बऱ्याच फायलींत असते. मानांकनाच्या तपासणीसाठी ती फायलीत लागते, म्हणून शस्त्रक्रिया संपल्यावर सगळ्या चौकटींत एकदम खुणा करणं हाही आता रिवाज झाला आहे.

एकूण प्रश्न केवढा, याचे जागतिक आकडे आहेत. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने, तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांनी वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं मरतात, असा अंदाज मांडला आणि खळबळ उडाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते उपचार घेणाऱ्या दर दहांतल्या एकाला उपचारातूनच इजा होते, आणि त्यातली निम्म्याहून अधिक टाळता येते. आपल्याकडे अशी मोजदाद मुळात होत नाही. वर्तमानपत्रात येतो तो आकडा खटल्यांचा किंवा गुन्ह्यांचा. तक्रार झाली तरच चूक झाली, असा त्याचा हिशेब.

तक्रारीचा रस्ता कसा तयार झाला तेही बघू. हलगर्जीपणाच्या आपल्या कायद्याचा पहिला मोठा दगड कोकणातला आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला दोनशेएक मैल गाडीतून पुण्याला आणलं. तिथे सर्जनने पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं आणि प्लास्टर घातलं. मुलगा त्याच दिवशी दगावला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरला जबाबदार धरलं. नुकसानभरपाई होती ३ हजार रुपये. रुग्ण हाती घ्यायचा की नाही, उपचार कोणता करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, हे सूत्र त्या निकालातलं. आजही कोर्टं तेच वापरतात.

१९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली. डॉक्टरांच्या संघटनांनी तेव्हापासून आजवर ती बाहेर काढायचे प्रयत्न केले. २०१९ च्या नव्या कायद्यात आरोग्यसेवा हा शब्द नाही, म्हणून आम्ही सुटलो, असा युक्तिवाद आधी मुंबई उच्च न्यायालयात झाला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला नाही. ग्राहक आयोगात वकील नसला तरी चालतो, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत यावं लागतं. कागदावर रस्ता सोपा आहे. अडतं ते पुराव्यापाशी. डॉक्टरने चूक केली हे दुसऱ्या डॉक्टरने लिहून द्यायला हवं, आणि गावातला दुसरा डॉक्टर ते लिहून देत नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं आहे. तरी तज्ज्ञ नसलेली तक्रार बहुधा लंगडतेच.

कोलकात्याचं साहा प्रकरण या बाबतीत बोलकं आहे. १९९८ मध्ये एका अनिवासी भारतीय बाईला त्वचेचा दुर्धर आजार झाला, स्टेरॉइडचा अवाजवी डोस दिला गेला, त्या वारल्या. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ कोटी ९६ लाखांची भरपाई दिली, व्याजासह ती ११ कोटींच्या घरात गेली. देशातल्या सर्वात मोठ्या भरपायांपैकी ही एक. पण लढणारा नवरा स्वतः डॉक्टर होता, केसपेपरवरची प्रत्येक ओळ त्याला वाचता येत होती, आणि पंधरा वर्षं कोर्टात जाण्याची ऐपत होती. बीडच्या शेतमजुराच्या हाती तोच केसपेपर पडला तर काय होईल? खरं तर तो पडतच नाही. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि त्या तीन वर्षं जपाव्या लागतात. हे माहीत असलेले नातेवाईक थोडे, आणि मृत्यूनंतरच्या पहिल्या काही दिवसांत लेखी अर्ज द्यायचं सुचणारे त्याहून थोडे.

राज्य वैद्यक परिषदेकडे तक्रार केली आणि डॉक्टरला शिक्षा झाली, तर तो दिल्लीला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे अपील करू शकतो. शिक्षा झाली नाही, तर या आयोगाच्या २०१९ च्या कायद्यानुसार रुग्णाच्या घरच्यांना तिकडे अपिलाची वाट नाही. हा एकतर्फीपणा कायद्यात कसा घुसला, हे मला अजून उमगलेलं नाही.

फौजदारीचं गणित वेगळं. लुधियानात १९९५ मध्ये श्वास लागलेल्या रुग्णासाठी ऑक्सिजनचं सिलिंडर आणलं, ते रिकामं निघालं. दुसरं येईपर्यंत रुग्ण गेला. त्या प्रकरणात २००५ मध्ये जेकब मॅथ्यू निकाल आला: फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, ढळढळीत बेपर्वाई लागते, आणि दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय पोलिसांनी डॉक्टरवर कारवाईला धावू नये. भारतीय न्याय संहितेतही बेपर्वाईने मृत्यूला इतरांना पाच वर्षांपर्यंत कैद आहे, नोंदणीकृत डॉक्टरला उपचारादरम्यान झालेल्या मृत्यूसाठी दोन वर्षांपर्यंत. हे मला योग्य वाटतं. समोरच्या डॉक्टरने ते सिलिंडर भरलं नव्हतं. पण रिकामं सिलिंडर वॉर्डात आलंच कसं, हे शोधून त्यावर नियम करण्याचं काम त्या निकालातून सुरू झालं नाही, होणारही नव्हतं. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी भरताना गळती झाली, दाब पडला आणि २२ रुग्ण गेले. कारण निराळं, वस्तू तीच.

२०२१ हे वर्ष या विषयाच्या विद्यार्थ्याने पुन्हा पुन्हा पाहावं. ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागून १० बाळं गेली. राज्यभर अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. मार्चमध्ये भांडुपच्या मॉलमधल्या रुग्णालयात आग. २३ एप्रिलला विरारमध्ये अतिदक्षता कक्षात आग. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात, कोविडसाठी नव्याने उभारलेल्या अतिदक्षता कक्षात आग, ११ मृत्यू. भंडाऱ्याला दहा महिने होत होते. अहमदनगरला एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि परिचारिकांना अटक झाली. त्यांचं काय चुकलं असेल ते असेल. पण वायरिंग कुणी केलं, भार कुणी मोजला, बाहेर पडायची दुसरी वाट नकाशात का नव्हती, याची उत्तरं रात्रपाळीच्या सिस्टरकडे नसतात. साखळीतला शेवटचा हात पकडला की चौकशी संपल्यासारखं वाटतं. तो हात नेहमी नर्सचा किंवा निवासी डॉक्टरचा असतो, हा योगायोग नाही; रुग्णाजवळ तेवढेच उभे असतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ मृत्यू झाले, ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४, त्यातली १२ नवजात बाळं. बातम्यांत औषधांचा तुटवडा, अपुरे कर्मचारी, आणि खासगी दवाखान्यांतून शेवटच्या घटकेला पाठवलेले रुग्ण, असं सगळं आलं. एका खासदाराने नांदेडच्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं, त्याचीच चित्रफीत सगळ्यात जास्त फिरली.

आता वॉर्डातली एक छोटी वस्तू घेऊ. पोटॅशियम क्लोराइडची दहा मिलिलिटरची अ‍ॅम्प्युल. सलाईनमध्ये पातळ करून थेंबाथेंबाने द्यायचं औषध. तसंच थेट शिरेत टोचलं तर हृदय थांबतं. दिसायला ते पाण्यासारखं, आणि इंजेक्शनची पावडर विरघळवायला जे निर्जंतुक पाणी लागतं त्याचीही अ‍ॅम्प्युल जवळपास तशीच. दोन्ही एकाच ट्रेमध्ये, रात्रीचे तीन, चाळीस खाटांना एक सिस्टर. अशा मांडणीत चूक व्हायला माणूस वाईट असावा लागत नाही. यावरचा उपाय जगाला कितीतरी वर्षं ठाऊक आहे: ही अ‍ॅम्प्युल साध्या वॉर्डात ठेवायचीच नाही, अतिदक्षता कक्षातही वेगळ्या कपाटात, वेगळ्या रंगाच्या लेबलाने ठेवायची. याला निधी, निविदा, काही लागत नाही.

नावांचाही असाच गोंधळ. मलेरियावरच्या ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या दोन नावांवरून कंपन्या भांडत सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा २००१ मध्ये कोर्टाने बजावलं की औषधांच्या नावांतल्या साधर्म्याकडे इतर मालापेक्षा कडक नजरेने पाहायला हवं, कारण इथे घोटाळा जिवावर बेततो. त्यात भर डॉक्टरी अक्षराची. औषधं जेनेरिक नावाने, वाचता येईल अशी, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहा, असा नियम २०१६ मध्ये झाला. गल्लीतला केमिस्ट मात्र अजूनही अंदाजाने वाचतो, आणि बहुतेकदा बरोबर वाचतो. खरा धोका त्या ‘बहुतेकदा’त आहे.

थकव्याबद्दल तर बोलूच नये अशी प्रथा आहे. निवासी डॉक्टरांनी सलग १२ तासांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम करू नये, असा केंद्राचा निर्देश १९९२ चा आहे. मार्ड या त्यांच्या संघटनेच्या प्रत्येक संपात तो बाहेर निघतो आणि संप मिटला की कपाटात जातो. सलग ३६ तास जागा असलेला ट्रकचालक आपण रस्त्यावर सहन करणार नाही.

हलगर्जीपणाच्या चर्चेत आणखी एक प्रकार सुटतो, तो म्हणजे हेतुपुरस्सर केलेला अनावश्यक उपचार. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. राज्याच्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, बहुतेक खासगी दवाखान्यांत. पांढरं जातं, पाळीत खाडा पडतो, मुकादम दंड कापतो, आणि डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. यात कुणी मॉप विसरलं नाही. शस्त्रक्रिया कदाचित उत्तम झाली असेल. संमतीपत्रावर अंगठाही असेल. भुलेखालच्या रुग्णाचं गर्भाशय आईच्या होकारावर काढणं ही संमती नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात ठरवलं. भीती घालून घेतलेल्या अंगठ्याचं काय, हा प्रश्न उरतोच. रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली देण्या-घेण्याच्या, म्हणजे कट प्रॅक्टिसच्या, विरोधातल्या कायद्याचा मसुदा महाराष्ट्राने २०१७ मध्ये केला होता. कायदा झाला नाही.

आणि मग औषध स्वतःच विष असेल तर? १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूतला आणि डोळ्यांतला दाब कमी करायला दिलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्णांची मूत्रपिंडं बंद पडून ते दगावले. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांनी चौकशी केली, आणि ‘कसं घडलं’ हा प्रश्न महाराष्ट्रात इतक्या खोलवर क्वचितच कुणी विचारला असेल: खरेदी, पुरवठादार, औषध प्रशासन, मंत्रालय, सगळी उतरंड अहवालात उघडी पडली. तत्कालीन आरोग्यमंत्र्यांना जावं लागलं. त्यापुढची कारवाई मात्र विरळ होत गेली.

२०२२ मध्ये गॅम्बियातल्या बालमृत्यूंचा संबंध भारतीय बनावटीच्या सिरपशी जोडला गेला, रसायन तेच. यावर केंद्राने जून २०२३ पासून परदेशी जाणाऱ्या खोकल्याच्या सिरपची पाठवणीआधी तपासणी सक्तीची केली. देशातल्या बाटल्यांना ती सक्ती लावली नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात तमिळनाडूत बनलेल्या कोल्ड्रिफ सिरपने वीसहून अधिक मुलं गेली. त्यांतली कित्येक उपचारांसाठी नागपूरला आणली होती. अटक आधी झाली ती सिरप लिहून देणाऱ्या डॉक्टरला. कंपनीचा मालक नंतर.

हे सगळं पाहून नातेवाईकांचा संताप समजतो, पण त्याचं जे होतं ते रुग्णांच्याच मुळावर येतं. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला झालेली मारहाण इतकी भीषण होती की राज्यभर काम थांबलं. २०१० पासून महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हल्ले थांबले नाहीत. तालुक्याच्या गावात एकट्याने चालवलेल्या दहा खाटांच्या दवाखान्यातला डॉक्टर त्यातून जे शिकला ते सरळ आहे: अवघड बाळंतपण हातात घ्यायचं नाही, जिल्ह्याला रेफर करायचं. प्रत्येक कागदावर ‘हाय रिस्क’ लिहून सही घ्यायची. आणि काही चुकलं तर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, कारण ‘माझ्याकडून राहून गेलं’ हे वाक्य उद्या कोर्टात येतं आणि आज रात्री दारात जमाव आणतं.

इतर देशांनी हा गुंता निरनिराळ्या तऱ्हेने सोडवला. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून उपचारातून इजा झालेल्याला दोष सिद्ध न करताच भरपाई मिळते. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयातल्या हाल-अपेष्टांच्या चौकशीनंतर, चूक झाली तर रुग्णाला ती स्वतःहून सांगण्याचं बंधन रुग्णालयांवर २०१४ मध्ये आलं, आणि पुढे दोषी न ठरवता नुसता तपास करणारी स्वतंत्र संस्थाही उभी राहिली. आपल्याकडे केंद्राचा रुग्णसुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा २०१८ ते २०२५ असा होता. त्याचं नाव किती जिल्हा शल्यचिकित्सकांनी ऐकलं असेल, शंका आहे.

पण इतक्या लांब जायलाच नको. केरळमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून राज्य सरकारच्या पाठिंब्याने मातामृत्यूंची गोपनीय छाननी चालवली आहे. बाळंतपणात आई गेली की तिची फाइल समितीकडे जाते. त्याआधी रुग्णालयाचं, डॉक्टरचं आणि बाईचं नाव खोडलं जातं. समिती ती ओळीओळीने वाचते: रक्तस्राव किती वाजता लक्षात आला, रक्त किती वाजता मागवलं, मोठ्या डॉक्टरांना फोन कधी गेला. अहवालात नावं नसतात, वेळा असतात. अतिरक्तस्रावाने सर्वाधिक मातामृत्यू होतात हे त्यातूनच ठळक झालं आणि त्यावरच्या उपचारांची पद्धत राज्यभर एकसारखी करण्याचं काम सुरू झालं. डॉक्टर आपली फाइल देतात, कारण ती कोर्टात जात नाही. कोर्टाचा रस्ता घरच्यांना वेगळा खुला राहतोच.

महाराष्ट्रातही मातामृत्यूंचं अन्वेषण सरकारी यंत्रणेत होतं, फॉर्म भरले जातात, बैठका होतात. जिल्हाधिकाऱ्यांसमोर होणाऱ्या त्या बैठकीत डॉक्टर नावानिशी बसलेला असतो. तो काय बोलेल, आणि काय बोलणार नाही, हे ठरलेलं आहे. ही पद्धत बदलून ती ओटीला, अतिदक्षता कक्षाला, औषधांच्या चुकीला लावायची तर आधी अशा जबाबांना कायद्याचं कवच द्यावं लागेल. असं कवच देणारं एकही कलम राज्याच्या शुश्रूषागृह कायद्यात नाही. तो १९४९ चा आहे. २०२१ मध्ये त्याचे नियम बदलले तेव्हा दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावायची सक्ती झाली. उपचारात झालेल्या चुकीची नोंद कुठे करायची, याबद्दल त्यात काही नाही.